चौदावी तार

पानशेतच्या पुरानंतर लक्ष्मी रस्त्याच्या आजूबाजूला ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकीत मला माझ्या स्वतःच्या लायसन्सवरचं पहिलं काम मिळालं. तळमजल्यावर साड्यांचं आणि स्टेशनरीचं दुकान, पहिल्या मजल्यावर दाताचे डॉक्टर, दुसऱ्यावर टायपिंगचा क्लास. तिसरा मजला बरीच वर्षं बंद होता. तो एका सॉफ्टवेअर कंपनीनं घेतला आणि तिथे तीस संगणक आणि चार एसी बसवायचं ठरवलं. सन दोन हजार उजाडलं की जगभरचे संगणक गोंधळणार अशी तेव्हा हवा होती, आणि तो गोंधळ आधीच निस्तरायचं काम पुण्यात येऊन पडलं होतं. जिथे रिकामी जागा दिसेल तिथे कोणीतरी संगणक नेऊन ठेवत होतं.

इमारतीची वायरिंग मात्र बांधली तेव्हाचीच होती. लाकडी पट्ट्यांवर ठोकलेल्या तारा, चिनी मातीचे फ्यूज, गोल काळे स्विच. एसी एक लावला असता तरी मीटरच्या खोलीतून धूर आला असता. घरमालक कोथरूडला राहायचे आणि इमारतीत पाऊल टाकायचे नाहीत. कंपनीच्या पत्रावर त्यांनी "हरकत नाही, खर्च नाही" एवढंच लिहून पाठवलं होतं.

माझं काम सांगायला सोपं होतं. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीतून तिसऱ्या मजल्यापर्यंत नवी जाड केबल न्यायची. जिन्याच्या कडेला भिंतीत एक उभा कप्पा होता, त्याला सगळे डक्ट म्हणत, त्यातूनच ती जाणार होती. पण त्या डक्टमध्ये जो भाडेकरू आला त्यानं आपली तार टाकली होती आणि जो गेला त्यानं ती काढली नव्हती. बोट घालायला जागा नव्हती. म्हणजे आधी मेलेल्या तारा ओळखायच्या, त्या काढायच्या, मग केबल. नकाशा वगैरे काही नव्हता. घरमालकांना फोन करून विचारलं तर म्हणाले, "नकाशा असता तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. विश्रांतवाडीत वाढले. वडील भंडाऱ्याकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्यात आले आणि इथलेच झाले. घरात शिक्षणाला दुसरा पर्याय नव्हता; शिकायचं म्हणजे शिकायचं. आमच्या विहारात बुद्धपौर्णिमेचं लाइटिंग मी अकरावीत असल्यापासून करत आले होते, तिथून ते डोक्यात शिरलं. इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला वर्गात मी एकटी मुलगी. पुढे कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स काढलं तेव्हा वडील म्हणाले, सरकारी नोकरी मिळत असताना हे कशाला? मी म्हटलं, कुणाच्या हाताखाली राहणं मला जमणार नाही. ते त्यांना लगेच पटलं. माझा स्वभाव तापट आहे हे घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

माझ्याबरोबर मांजरी गावचे एक वायरमन असायचे. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे, हात अतिशय स्वच्छ. हात स्वच्छ म्हणजे आमच्या भाषेत जोड पक्का, टेप नीट. उसाच्या पट्ट्यातून लुना मारत रोज यायचे. मला मॅडम म्हणायचे, ते त्यांच्या तोंडी "म्याडम" व्हायचं.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दुसऱ्या मजल्यावर गेलो, कारण डक्टचं मोठं दार तिथेच होतं, क्लासच्या दाराला लागून. आत वीसेक टाइपरायटरांची टेबलं होती, पण बऱ्याच टेबलांवर मशीनच नव्हतं. एका भिंतीशी मात्र सहा संगणक नवे कोरे, प्लॅस्टिकच्या कव्हरांत झाकून ठेवलेले. क्लासचे सर बाहेर आले. साठीच्या आसपासचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वायरमनकडे पाहिलं आणि त्यांना विचारलं, "साहेब कधी येणार आहेत?"

वायरमन म्हणाले, "ह्याच सायेब हायेत."

"असं," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आपलं पूर्ण नाव काय?"

आता हा प्रश्न मला नवा नव्हता. पुण्यात पूर्ण नाव विचारणारा माणूस पहिल्या नावापाशी थांबत नाही, वडिलांच्या नावापाशीही थांबत नाही. त्याला आडनाव हवं असतं, आणि आडनाव कळलं की चेहऱ्यावर जे होतं ते मी शाळेपासून पाहत आले होते. काही जण पाणी विचारायचं विसरतात. काही जण उगाच जास्त गोड बोलतात. मला दोन्हीचा सारखाच राग येतो.

"नावाशी काय काम आहे?" मी म्हटलं. "काम तारांशी आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे," ते म्हणाले. "मग तारांचं बोलू. मला आता बॅच आहे. एक ते चार क्लास बंद असतो. तुम्ही चार वाजता या, मी असतो. या डक्टबद्दल बोलायचं आहे."

"बघू," मी म्हटलं.

जिना उतरताना वायरमन म्हणाले, "म्याडम, मास्तर तीस वर्सं हितंच हाय म्हणत्यात. इचारून घिऊ."

मी म्हटलं, "तीस वर्षं टायपिंग केलंय त्यांनी, वायरिंग नाही."

चार वाजता मी गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कारण अगदी तयार होतं आणि खोटंही नव्हतं: दुकानदार धंद्याच्या वेळात वीज बंद करू देत नव्हते. साडीवाले म्हणाले, "गिऱ्हाईक अंधारात रंग बघणार का? एक ते चार काय हवं ते करा." पुण्यात एक ते चार म्हणजे सगळ्या पेठा शटर ओढून पालथ्या पडलेल्या असतात. मला तेच हवं होतं. एकला मी मीटरच्या खोलीत शिरायची, चारला पाच कमी असताना बाहेर पडायची. सर जेवून झोपायला घरी गेलेले असायचे. आमची गाठ पडत नव्हती आणि मला ते बरं वाटत होतं, हे आज कबूल करते.

सरांबद्दल जे कळलं ते खालच्या स्टेशनरीवाल्याकडून. क्लासला मुलं येईनाशी झाली होती. टायपिंगच्या परीक्षा अजून होत्या, पण येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, संगणक शिकवता का? सरांनी सहा महिने स्वतः कुठल्याशा क्लासला जाऊन, पोरांच्या मांडीला मांडी लावून संगणक शिकून घेतला. मग वीसपैकी बारा टाइपरायटर विकले आणि हे सहा संगणक घेतले. येत्या सोमवारी चार वाजता पहिली बॅच होती. सहा मुली, त्यांतल्या दोघी यवतमाळकडच्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या. "हे चाललं तर सर चालतील," स्टेशनरीवाला म्हणाला, "नाहीतर तिथेही संगणकवालेच येतील." त्यानं बोटानं वर दाखवलं. मी ऐकलं आणि माझ्या कामाला लागले.

वीज एका तारेनं येते आणि दुसऱ्या तारेनं परत जाते. परतीच्या तारेला आम्ही न्यूट्रल म्हणतो. ती साधीभोळी समजली जाते, कारण टेस्टर लावला तर त्यात दिवा लागत नाही. खरी घातकी तीच. ती अधेमधे तुटली तर वीज परतायला दुसरी वाट शोधते, शेजारच्याच्या घरातून जाते, आणि वाटेत जे नाजूक असेल ते जाळून टाकते. हे मी परीक्षेत लिहून आले होते, चांगल्या मार्कांनी.

चार दिवसांत आम्ही डक्टमधल्या तेरा तारांचा छडा लावला. या टोकाला ओढायचं, त्या टोकाला कुठली हलते ते बघायचं, मीटर लावायचा, चिठ्ठी बांधायची. सात मेलेल्या निघाल्या, त्या काढल्या. तरी केबलला जागा पुरेना. उरली होती एक काळी रबरी तार, जुनी, अंगठ्याएवढी जाड. तळमजल्यावरून निघून सरळ बंद तिसऱ्या मजल्यावर गेलेली. तिच्यावर मधे मधे टेपचे गोळे होते, पण ते डक्टच्या मागच्या भिंतीला चिकटलेले, हात पोचेना.

शुक्रवारी दुपारी अडीचला मी तिला टेस्टर लावला. दिवा नाही. मग चिमट्याच्या मीटरनं तिला कवेत घेतलं. त्या मीटरला तार न तोडता आतला प्रवाह कळतो. काटा हलला नाही. शून्य.

"मेलेली हाय," वायरमन म्हणाले. मग थोडं थांबून, "म्याडम, टेपचं गोळं कशापायी असतील? मास्तरला एकदा इचारू का? चारला येतीलच ते."

"मीटर शून्य दाखवतोय. मास्तर मीटरपेक्षा हुशार आहेत का?"

त्यांनी पक्कड माझ्या हातात दिली. मी मेन स्विच पाडला, तार दुसऱ्या मजल्यावर आणि तळाशी तोडली, आम्ही मधला तुकडा ओढून काढला. केबल पहिल्या झटक्यात वर सरकली. मला फार आनंद झाला. पावणेचारला मेन चढवून मी मीटरच्या खोलीत पाणी पीत बसले.

मीटर खोटं बोलला नव्हता. शून्यच होतं, कारण सगळी इमारत झोपली होती. पहिल्या मजल्यावर डॉक्टर नव्हते, दुसऱ्यावर सर नव्हते, एक बल्ब लागलेला नव्हता, मग तारेतून जाणार काय? चालू आहे की बंद हे लोक जागे असताना मोजायचं असतं. जन्मभर पुण्यात राहून मी भर दुपारी अडीचला मोजलं.

चार वाजून पाच मिनिटांनी वरून फट् असा आवाज आला. मग लागोपाठ आणखी. मी जिन्यावरून धावले. पहिल्या मजल्यावर डॉक्टरांची मदतनीस बाई दारात उभी होती, म्हणाली, "अहो, हत्यारं उकळायचं भांडं लावलंय, तापतच नाही." त्या क्षणी वर काय झालं असणार ते मला कळलं. डॉक्टरांच्या भांड्याची वीज आणि सरांची वीज दोन्ही त्या काळ्या तारेनंच परतत होत्या. दोघांचे जोड दुसऱ्या मजल्याच्या वर उरलेल्या टोकावरच होते आणि दोघांच्या येणाऱ्या तारा वेगवेगळ्या फेजच्या, त्यामुळे तार तोडल्यावर दोघांची वीज एकमेकांतून वाट काढू लागली. भांडं दणकट, त्याच्या वाट्याला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, आला थोडा. संगणक नाजूक, उरलेला सगळा दाब त्यांच्यावर.

वर क्लासमध्ये धूर होता आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास. छताचा पंखा कधी फिरला नसेल इतका जोरात फिरून आता थांबत आला होता. सरांनी स्वतःच स्विच पाडला होता आणि ते एकेक खिडकी उघडत होते. सोमवारच्या आधी एकदा सगळे संगणक लावून बघावेत म्हणून त्यांनी एका बटणानं सहाही सुरू केले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. मी "बघते" एवढंच पुटपुटले आणि खाली आले.

खाली कंपनीचा मॅनेजर उभा होता. माझ्याच वयाचा, गळ्यात ओळखपत्र, बोलणं निम्मं इंग्रजी. त्यानं वायरमनकडून सगळं काढून घेतलं होतं. "मॅडम, सिंपल आहे," तो म्हणाला. "बाहेरून हाय व्होल्टेज आलं म्हणा. पुण्यात रोज येतं. कोण चेक करतंय? इन्स्पेक्टरकडे कम्प्लेंट गेली तर तुमचं लायसन्स जाईल आणि माझा तिसरा मजला लटकेल." तो दुष्ट नव्हता. त्याला खरंच ते सोपं वाटत होतं.

आणि मलाही वाटलं. मीटरच्या खोलीत स्टुलावर बसून मी दीड तास विचार करत होते, म्हणजे खरं तर लायसन्सचा विचार करत होते. खोटं अगदी बिनचूक होतं. काळ्या तारेबद्दल जगात आम्हा तिघांनाच माहीत होतं. वायरमन दाराशी उकिडवे बसून तोडलेल्या तारेवरचा टेप सोलत होते. एक गोळा त्यांनी पूर्ण सोलला, आतला जोड मला दाखवला आणि म्हणाले, "लई चांगला जोड हाय. जीव लावून मारलाय कुनीतरी."

सहाच्या सुमाराला मी वर गेले. संध्याकाळची बॅच सोडून दिलेली होती. सर एका रिकाम्या टेबलाशी बसले होते.

"सर, तार मी तोडली," मी म्हटलं. "बाहेरून काही आलेलं नाही. तुमची परतीची तार होती ती. मेलेली समजून मी तोडली."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तिचं टोक माझ्या दारात पडलंय."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलताय का ते बघत होतो."

मी म्हटलं, सोमवारी चारच्या आत संगणक चालू करून देते, वायरिंग नव्यानं करून देते, सगळं माझ्याकडून. ते म्हणाले, "सहा मुली आहेत. सहा संगणक सांगितलेत त्यांना." मग टेबलाचा खण उघडून त्यांनी एक लांब पाकीट काढलं. वर काही लिहिलेलं नव्हतं. "हे घ्या. सवड झाली की वाचा. आता उपयोग नाही म्हणा."

तक्रारीची नक्कल, दुसरं काय असणार? टाइप करायला त्यांना दहा मिनिटं पुरली असतील. पाकीट मी हत्यारांच्या पिशवीत तळाशी कोंबलं. केली असेल तक्रार तर करू दे, आधी कबूल केलेलं काम करायचं आणि मग बघू, असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर मला ते उघडायची भीती वाटत होती.

शनिवारी सकाळी बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत सहाही संगणक रिक्षातून दोन खेपा करून नेले. तिथे एक जण फक्त पॉवर सप्लाय दुरुस्त करायचा. त्यानं पहिला डबा उघडून वास घेतला आणि म्हणाला, "न्यूट्रल तोडलीत का?" मी हो म्हटलं. "कोणाची?" मी सांगितलं. तो म्हणाला, "त्या सरांकडे मी चाळीसच्या स्पीडला पास झालोय," आणि दुसरं सगळं काम बाजूला सारलं.

इकडे वायरमन आणि मी डक्टमध्ये. ज्या तारांना आम्ही आधी चिठ्ठ्या बांधल्या होत्या, त्यांच्यावरही आता माझा विश्वास उरला नव्हता. शनिवारी दिवसभर, सगळे जागे असताना, प्रत्येक खोलीत जाऊन हात जोडून सांगायचं: तुमचा पंखा लावा, आता बंद करा, आता दिवा. साडीवाल्यांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. कुणाची येणारी तार कुठली आणि परतणारी कुठून, ते एकेक करून कागदावर घेतलं. बारा तास लागले. डॉक्टरांची न्यूट्रल दोन ठिकाणी वेगवेगळी परतत होती. साडीवाल्यांचा एक दिवा स्टेशनरीवाल्याच्या तारेवर होता आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं. रविवारी इमारत बंद असताना दोन नव्या तारा ओढल्या, डॉक्टरांची स्वतंत्र, सरांची स्वतंत्र. ते दोन दिवस मी कुणावर ओरडले नाही. वायरमन सोमवारी म्हणाले, "म्याडम, तब्बेत बरी हाय न्हवं?"

सोमवारी तीनला संगणक परत आले. पाच चालू झाले. सहाव्याचा आतला मुख्य भागच जळाला होता. गल्लीतल्या माणसानं खूप खटपट केली आणि शेवटी कपाळाला हात लावला. मी वर कंपनीच्या मॅनेजरकडे गेले आणि म्हटलं, तुमच्या तीसपैकी एक संगणक नवा येईपर्यंत सरांना द्या, नाहीतर तुमच्या मजल्याच्या कागदावर मी सही करणार नाही. तो म्हणाला, "मॅडम, हे ब्लॅकमेल आहे." मी म्हटलं, हो. त्यानं दिला. वर स्वतःच उचलून खाली आणला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

चारला पाच कमी असताना मुली आल्या. जिन्यात चपला काढून, ओढण्या सावरून, एकमेकींना पुढे ढकलत. मी मीटर घेऊन दाराशी उभी होते. दर मिनिटाला दाब मोजत होते. सरांनी बटणाकडे हात नेला, थांबले, आणि मला म्हणाले, "तुम्ही लावा."

मी लावलं. सहा पडदे उजळले. एका मुलीनं टाळी वाजवली आणि लाजून हात खाली घेतले. मला रडू आलं. मी ते डक्टकडे तोंड करून उरकलं.

सरांनी मुलींना जागेवर बसवलं, बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं, आणि त्या खटखट करू लागल्यावर माझ्याजवळ आले. "यादी बरोबर निघाली का?" त्यांनी विचारलं.

"कसली यादी?"

"पाकीट उघडलंच नाहीत?"

मी पिशवी उपसली. पक्कड, टेप, डबा, सगळं जमिनीवर काढलं आणि तळातून ते पाकीट काढून तिथेच फोडलं. आत एक फुलस्केप कागद होता. मराठी टाइपरायटरवर टाइप केलेला, उभ्या-आडव्या ओळींचा तक्ता, परीक्षेला बसवतात तसा काटेकोर. अनुक्रमांक, तारेचा रंग, कोठून, कोठे, शेरा. एकूण चौदा तारा. आम्ही शनिवारी बारा तास राबून जे कागदावर आणलं होतं ते सगळं त्यात होतं, साडीवाल्यांच्या दिव्यासकट. कोपऱ्यातली तारीख मी पहिल्यांदा तिथे गेले त्या दिवसाची होती.

चौदाव्या तारेपुढचा शेरा असा होता: "काळी रबरी. बंद दिसते, बंद नाही. डॉक्टरांची परतीची तार जळाली तेव्हा मालकांनी दाद दिली नाही, म्हणून तिसऱ्या मजल्यावरील गृहस्थांनी आपली दिली. पुढे माझीही तीवरच घेतली. जागा सोडताना ते ती आम्हा दोघांसाठी ठेवून गेले. तोडण्यापूर्वी कृपया मला सांगावे."

"तीस वर्षं हे डक्ट माझ्या दाराशी उघडतंय," सर म्हणाले. "वायरमन आला की मी बाहेर येऊन उभा राहायचो. दुसरं करमणुकीला काय होतं? चारला येताय म्हणून दुपारी झोपलो नाही त्या दिवशी, हे करत बसलो."

मी कागदाच्या वरच्या भागाकडे पाहत होते. तिथे होतं: "प्रति, मा. विद्युत अभियंता, श्रीमती", आणि त्यापुढे ठिपक्यांची ओळ. लांब ओळ, तीन शब्द बसतील एवढी.

"मायना अर्धा राहिला," ते म्हणाले. "नाव विचारलं होतं. तुम्ही सांगितलं नाहीत."

मी माफी मागितली असावी. त्यांनी ऐकली की नाही ठाऊक नाही, कारण ते कागद माझ्या हातातून घेऊन उरलेल्या आठांपैकी एका टाइपरायटरकडे गेले होते. कागद आत सरकवून त्यांनी रूळ फिरवला, ठिपक्यांची ओळ समोर आणली आणि वर न बघता म्हणाले, "हं. सांगा."

मी माझं नाव सांगितलं. मग वडिलांचं. मग आडनाव. त्यांनी एकेक अक्षर ठोकलं, एकाच वेगानं, कुठेही न अडखळता. तो कागद आजही माझ्याकडे आहे. दुसऱ्यांदा घातल्यामुळे तो मशीनमध्ये किंचित तिरका बसला होता, त्यामुळे माझं नाव ठिपक्यांच्या जरासं वर आलं आहे.